इरईकडे तोंड केलेला बुरूज

चंद्रपूरचा तट बहुतेकांना आतून भेटतो. जटपुरा दरवाज्याच्या रहदारीत अडकलेली बस, गांधी चौकाकडे जाणारा रस्ता आणि दुकानांच्या मागून मध्येच डोकावणारी दगडी भिंत, एवढ्यावर त्याची ओळख संपते. मला तो बाहेरून भेटला, आणि पश्चिमेकडून भेटला. मी वणीचा. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा नदी वाहते, नदी ओलांडली की घुग्गुस आणि पुढे चंद्रपूर. आमच्याकडची जुनी माणसे अजून ‘चांद्याले जातो’ असेच म्हणतात. मोठा दवाखाना चांद्याला, कॉलेज चांद्याला, चैत्रातली महाकालीची यात्रा चांद्याला. कागदावर आम्ही अमरावती विभागातले आणि ते नागपूर विभागातले, पण पायांना ही विभागणी कधी कळली नाही.

या शहराच्या पश्चिम अंगाला बिनबा दरवाजा आहे. त्याच्या बाहेर पडून तटाच्या कडेने दक्षिणेकडे चालू लागले की घरांच्या परसांमधून, गोवऱ्यांच्या ढिगांमधून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून बुरूज एकेक करून पुढे येतात. त्यातल्या एका बुरुजापाशी मी नेहमी थांबतो. त्याला काही खास नाव असल्याचे मला कुणी सांगितलेले नाही, आणि मार्गदर्शक पुस्तिकेत छापावे असे त्याच्यात वेगळे काही नाही. तो गोल आहे, पोटात थोडा फुगलेला, तपकिरी-पिवळसर वालुकाश्माचा. त्याच्या सांध्यांतून पिंपळाने मुळे घातलेली आहेत. त्याचे तोंड इरई नदीकडे आहे. इरईच्या पलीकडे वर्धा, आणि वर्धेच्या पलीकडे आम्ही. म्हणजे हा बुरूज पाचेकशे वर्षे आमच्याकडे बघत उभा आहे.

पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा वर चढायला वाट शोधत होतो. पायथ्याशी शेळ्या बांधत असलेले एक काका म्हणाले, “चढाचं असंन तं तिकून जा भाऊ. पण आधी खालून पाहून घ्या. वर गेल्यावर बुरूज नाही दिसत, गाव दिसते.” त्यांचे म्हणणे मी तेव्हापासून मानत आलो आहे. बुरूज ही बाहेरच्या माणसासाठी बांधलेली गोष्ट आहे. आतल्या माणसाला भिंत पुरते. बाहेरून येणाऱ्याला आपण दिसावे, त्याने आपल्याला मोजावे आणि मग परत फिरावे, यासाठी बुरूज असतो. त्याचा खरा वाचक बाहेर उभा असतो.

त्याचे काम समजून घेतले की त्याचा आकारही कळतो. नुसती सरळ भिंत बांधली तर तिच्या अगदी पायथ्याशी येऊन भिडलेला शत्रू वरच्या माणसाला दिसत नाही. त्याला मारायचे तर चर्येवरून बाहेर झुकावे लागते, आणि झुकलेला माणूस खालच्या तिरंदाजाला आयता सापडतो. म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीचा एक भाग पोट काढून पुढे आणतात. त्या पुढे आलेल्या भागात उभा राहिलेला पहारेकरी समोर तर बघतोच, पण उजवी-डावीकडे वळून भिंतीचा सबंध पाया नजरेखाली ठेवतो. दोन बुरुजांच्या माऱ्याच्या टप्प्यात मधला तट यावा, अशा बेताने त्यांची अंतरे धरलेली असतात. बुरूज चौकोनी केला तर कोपरा आधी ढासळतो, शिवाय कोपऱ्याच्या टोकासमोर थोडी जागा कुणाच्याच नजरेत येत नाही. गोल बुरुजाला असा आंधळा कोपरा नाही, आणि तोफेचा गोळाही त्याच्या अंगावरून निसटण्याची शक्यता जास्त. पायथ्यापाशी उभे राहून मी भिंतीला गाल लावून दोन्हीकडे बघतो. डावीकडचा पुढचा बुरूज दिसतो, उजवीकडचाही दिसतो. एकट्या बुरुजाला अर्थ नाही, शेजारचा दिसत असेल तरच तो उभा राहण्यात हशील आहे.

चंद्रपूरच्या तटाचा घेर जवळपास 11 किलोमीटर भरतो. बुरूज 39 सांगतात. मोठे दरवाजे चार: उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि झरपट नदीच्या बाजूला अंचलेश्वर. त्याशिवाय पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. ही नावे मला फार आवडतात. राजाने शहर बांधले तरी खिडक्यांना नावे माणसांच्या येण्याजाण्यावरून पडलेली दिसतात. देवाला जायची वाट, मसणात जायची वाट, आणि चोरासाठीही एक. भिंत बांधणाऱ्यांना ठाऊक होते की गाव रोज बाहेर जाते, रोज आत येते, आणि शेवटी एकदा बाहेर जाते. एवढी दारे ठेवूनही जी भिंत आपले काम करू शकते, तिला मी आडमुठी म्हणणार नाही.

ही भिंत अशी कशी आखली गेली, याची एक कथा आहे. मेजर ल्युसी स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने 1869 च्या बंदोबस्त अहवालात चांद्याच्या गोंड राजांच्या हकिकती नोंदवून ठेवल्या, पण कथा त्याच्या कितीतरी आधीची आणि लोकांच्या तोंडी असलेली. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा बल्लारपूरला राहत होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या, कुठल्याच औषधाला दाद देत नव्हत्या. एकदा शिकारीच्या नादात तो झरपटच्या कोरड्या पात्रात आला, तहान लागली म्हणून एका डबक्यातले पाणी प्याला, हातपाय धुतले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. राणीने ती जागा शोधायला लावली. तेच अंचलेश्वराचे तीर्थ. पुढे त्याच रानात राजाने एक विलक्षण प्रकार पाहिला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. कुत्रा पळत होता आणि ससा पाठलाग करत होता. शेवटी कुत्र्याने वळून सशाला मारले खरे, पण राणी म्हणाली, ज्या मातीत सशाला एवढे बळ येते तिथे नगर वसवा, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट घाला, आणि जिथे पाठलागाला वळण लागले तिथे खास बुरूज बांधा.

नगराच्या स्थापनेच्या अशा कथा आपल्याकडे आणखीही गावांना आहेत, हे मला माहीत आहे. तरी ही कथा मी सोडून देत नाही. एक तर ती राणीच्या शहाणपणाची आहे. औषध कशाने झाले हे तिने ओळखले आणि शहर कुठे व्हावे हेही तिनेच ठरवले. दुसरे असे की, या बुरुजाच्या वळणाशी उभे राहिल्यावर तिच्यात मला स्थापत्यही दिसते. इथली भिंत सरळ रेषेत जात नाही. ती नद्यांचा कल धरते, उंचवटा धरते, वाकते, परत फिरते. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि दक्षिणेला त्या एकमेकींना मिळतात. दोन नद्यांच्या मधल्या उंच जागेची कड चालत जाणाऱ्या कुणालाही वाट अशीच वेडीवाकडी मिळेल, मग तो ससा असो की गवंडी.

खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात पाया घातला आणि तट पुरा झाला तो धुंड्या रामशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. मधे किती पिढ्या गेल्या याचा विचार केला की मला दगड वाहणाऱ्यांचे नवल वाटते. आजोबाने ज्या बुरुजाचा पाया भरला त्याच्या चर्या नातवानेही पाहिल्या नसतील. राजांची वंशावळ कुणीतरी लिहून ठेवली, पाथरवटांची कुणी लिहिली नाही. त्यांच्या हाताची एक खूण मात्र दरवाज्यांवर शाबूत आहे. हत्तीवर स्वार झालेला, सिंहासारखा दिसणारा तो प्राणी, गोंड राजसत्तेचे चिन्ह. हत्तींच्या रानातल्या राजांनी हत्तीलाही नमवणारा प्राणी निशाणी म्हणून निवडला.

आता आमच्या बाजूचा विचार. या बुरुजावरून पश्चिमेकडे बघणारा पहारेकरी कुणाची वाट पाहत असेल? आमचीच, असे मला वाटे. पण इतिहास तेवढा सरळ नाही. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून कळंबचे नाव येते. हे आमच्या जिल्ह्यातले कळंब, चिंतामणीचे. या कळंब सरकारातले काही परगणे चांद्याच्या राजाच्या ताब्यात असल्याचे त्यात नोंदले आहे, आणि चांद्याच्या बाबाजी राजाकडे 40,000 पायदळ असल्याचेही. म्हणजे वर्धा नदी ही तेव्हा पक्की सीमा नव्हती. नदीच्या आमच्या काठावरची कितीतरी गावे कधी चांद्याची होती, कधी वऱ्हाडची. आजही मारेगाव, झरी, पांढरकवडा या भागात गोंड, कोलाम आणि परधान वस्ती दाट आहे. गोंड राजांच्या गोष्टी वाद्यावर गाऊन सांगण्याचे काम परंपरेने परधानांचे. चांद्याचे राजे ज्यांच्या गोष्टीतले राजे होते, ती माणसे नदीच्या दोन्ही काठांवर राहत होती. बुरुजासमोरचे सगळेच परके नव्हते.

खरे परके आले ते फार दुरून. 1667 मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला. दोनच वर्षांपूर्वी पुरंदरला मुरारबाजीशी लढलेला हाच तो दिलेरखान. चांद्याच्या राजाने लढाई टाळली आणि जबर खंडणी कबूल केली. बुरूज तसेच राहिले, खजिना रिकामा झाला. पुढे 1751 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांनी चांदा घेतला, तेव्हाही भिंत फोडावी लागली नाही. निळकंठशहावर त्याचीच माणसे नाराज होती आणि तटाची दारे आतूनच सैल झाली होती. या दोन प्रसंगांचा विचार करताना मला बुरुजाची कीव येते. ज्याने फक्त बाहेर बघायचे, त्याच्या पाठीमागे काय चालले आहे ते त्याला कोण सांगणार?

तोफेचा मार त्याने खाल्ला तो 1818 मध्ये, आणि ती लढाई आमच्याच जिल्ह्यातून चालत गेली. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांची हाक ऐकून दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखाने निघाला होता. पेशव्याची पडती फौज पांढरकवड्याच्या बाजूला आली. 17 एप्रिल 1818 रोजी शिवणीजवळ कर्नल अ‍ॅडम्सने तिला गाठले आणि उधळून लावले. पेशवा माघारी पळाला. अ‍ॅडम्स मात्र वर्धा ओलांडून चांद्यावर गेला. मे महिन्याच्या उन्हात तोफा लागल्या, तटाला खिंडार पडले आणि 20 मेला इंग्रज आत शिरले. किल्लेदार गंगासिंग आणि त्याची माणसे पडली. शाळेच्या पुस्तकात मराठी राज्याचा शेवट म्हणजे खडकी, कोरेगाव, अष्टी. पांढरकवडा आणि चांदा यांना तिथे एक ओळही मुश्किलीने मिळते. मला याचे वाईट वाटते. वऱ्हाडातल्या मुलाला आपल्या शेताजवळून पेशवाईचा शेवट गेला हे ठाऊक असायला हवे, आणि ज्या भिंतीवर त्या मोहिमेचा शेवटचा घाव पडला ती त्याने हाताने चाचपलेली असायला हवी.

त्यानंतरचा चांदा इंग्रजांचा. गोंड राजांच्या वाड्याचा तुरुंग झाला. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी तिथेच फाशी दिली. ज्या तटाने बाहेरच्यापासून गोंड राजाचे रक्षण करायचे, त्याच तटाच्या आत एका गोंड जमीनदाराचा जीव गेला. दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. आमच्या बाजूच्या तालुक्यांतूनही गाड्या भरून माणसे जातात. त्यांच्यासाठी चांदा हे पाहायचे ठिकाण नाही, दुःखाचे आणि अभिमानाचे घर आहे.

एकोणिसाव्या शतकात शहरांना आपले तट नकोसे झाले. 1857 मध्ये व्हिएन्नाच्या बादशहाने शहराभोवतीची तटबंदी पाडायचा हुकूम काढला आणि तिच्या जागी रुंद रस्ता आखला. मुंबईच्या कोटाच्या भिंती 1860 च्या दशकात उतरवल्या, आता ‘फोर्ट’ एवढे नाव उरले. चंद्रपूरचा तट वाचला, त्यामागे फार मोठे प्रेम होते असे म्हणता येत नाही. शहर हळू वाढले, म्हणून तो वाचला. नंतर शहर वाढले ते कोळशाने आणि विजेने, आणि वाढताना भिंतीकडे पाठ फिरवून वाढले. बुरुजावर चढून उत्तरेकडे पाहिले तर महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. वणीचा कोळसा, घुग्गुसचा कोळसा, बल्लारपूरचा कोळसा. आमच्या काळ्या बेसाल्टच्या पठाराची कड वणीच्या आसपास संपते, आणि पुढे वालुकाश्म, चुनखडी, कोळसा असे जुने थर उघडे पडतात. बुरूज ज्या दगडाचा झाला तो आणि धुराड्यात जळतो तो कोळसा, दोन्ही एकाच गोंडवन घराण्यातले. भूगर्भशास्त्रज्ञांनी जगभरच्या त्या खडकांना गोंडांच्याच भूमीचे नाव दिले आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात असा दगडी नगरकोट नाही, पण गढ्या होत्या. दारव्हा, नेर, पुसदकडच्या कितीतरी गावांत देशमुखांची किंवा पाटलांची गढी असे, चार कोपऱ्यांना मातीचे चार बुरूज. पांढऱ्या चिकण मातीचे, खाली रुंद, वर निमुळते. पेंढारी आले, धाड पडली की गाव गढीत शिरे. धाडी थांबल्या आणि गढीची गरज संपली. मग लोकांनी ती माती न्यायला सुरुवात केली. घर सारवायला, भिंत लिंपायला, गाडी भरभरून. एकेक पावसाळा त्यात आपला हात घाली. आज पुष्कळ गावांत गढी म्हणजे एक टेकाड आणि त्यावर बाभळी. याला नासधूस म्हणायला माझे मन धजत नाही. गावाचीच माती गावाच्या भिंतीला लागली. दगडाच्या बुरुजाचे तसे होत नाही. तो कुणाच्या घरात विरघळत नाही. त्याला कुणीतरी सांभाळावे लागते, नाहीतर तो उभ्या उभ्या कचऱ्याखाली जातो.

चांद्याचा तट तसा जात होता. बुरुजांवर झुडपांचे रान माजले होते, फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चार पावले चालणे मुश्किल होते, पायथ्याला शहराचा सारा केरकचरा. 1 मार्च 2017 पासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्याबरोबर रोज सकाळी तिथे श्रमदान सुरू केले. झुडपे तोडली, कचरा उपसला, एकेक बुरूज मोकळा केला. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला. पुढे तटावरून लोकांना फिरवून इतिहास सांगण्याचा उपक्रमही निघाला. मला त्या कामात सगळ्यात मोठे वाटते ते ‘रोज’. हा तट कागदोपत्री पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात होता आणि आहे. पण कागदाने पिंपळाचे मूळ निघत नाही. त्यासाठी सकाळी सहाला कुणाला तरी विळा घेऊन उभे राहावे लागते, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा. पूर्वी बुरुजावर पहारे बदलत, तसा पहारा दोनशे वर्षांनी पुन्हा सुरू झाला. बघायची दिशा तेवढी बदलली, आता नजर भिंतीवरच ठेवायची आहे.

बाहेरच्या बाजूचे काम मात्र तेवढे झालेले नाही, आणि माझा आग्रह तिथेच आहे. तटावरून चालणाऱ्याला शहर दिसते, रामाळा तलाव दिसतो, समाध्यांचे घुमट दिसतात. सुंदर दिसते. पण बुरूज दिसत नाही. शेळ्यावाल्या काकांनी मला हेच सांगितले होते. त्यांच्याशी पुढेही गाठ पडत गेली. 2022 च्या जुलैत इरई आणि वर्धा दोन्ही चढल्या होत्या. त्या वेळी आमच्या वणी-मारेगावकडची नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली, सोयाबीन-कापूस सडला. इकडे पठाणपुरा आणि बिनबाच्या बाहेर पाणी आले. काकांनी बुरुजाच्या एका थराला हात लावून दाखवले. “पाणी इथवर होतं. आम्ही शेळ्या घेऊन दरवाज्याच्या आत गेलो. ह्या भिंतीनं लय झेललं भाऊ.” दिलेरखान, अ‍ॅडम्स ही नावे त्यांनी काढली नाहीत. त्यांना आठवत होते ते पाणी. त्यांच्या हिशेबात या बुरुजाने लढलेली लढाई पुराशी होती, आणि ती तो अजून लढतो आहे.

त्याच पुराने आमच्या काठावरही गावे उठवली होती. एका नदीने दोन्ही काठांना एकाच आठवड्यात घराबाहेर काढले, आणि त्यांच्यातल्या काहींना तरी शिरायला दरवाजा होता. त्या दिवशी काकांच्या शेजारी उभा असताना मला पहिल्यांदा वाटले की हा बुरूज माझ्याकडे संशयाने बघत नाही. त्याच्यावर माझाही हक्क आहे. ज्याच्यासाठी तो बांधला तो बाहेरचा माणूस मीच आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. बिनबापासून पठाणपुऱ्यापर्यंत तटाच्या बाहेरून, पायथ्याने, चालायला एक मोकळी वाट असावी. तिथल्या घरांना न उठवता, त्यांच्या शेळ्या-गोवऱ्यांसकट. वाटेवर पुराच्या खुणा लावाव्यात, 1818 च्या मोहिमेची एक पाटी लावावी, आणि कळंब, पांढरकवडा, शिवणी ही आमच्या बाजूची नावे त्यावर असावीत. ती वाट झाली की वणीच्या शाळेची मुले मी आधी तिथे नेणार आहे. त्यांना भिंतीला गाल लावून दोन्हीकडचे बुरूज दिसतात का ते बघायला सांगणार आहे. जटपुरा दरवाजा आणि गांधी चौक नंतर, चहा-समोसा खायला.